साहेब, आमच्या नावाने काय मागता ते आधी आम्हाला दाखवा: नाशिकच्या औद्योगिक संघटनांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि समस्त कार्यकारिणी,
नाशिकमधल्या उद्योजकांच्या सगळ्या संघटना
(कोणा एकीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, ज्याला लागेल त्याने आपलं समजावं)

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क करतो, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग बनवून देतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि वडिलांच्या वेळचं एक लेथ, जे विकवत नाही म्हणून ठेवलंय. मी धरून अकरा माणसं. संघटनेचा मेंबर गेली नऊ वर्षं, पद कधी मागितलं नाही, निवडणुकीत दोन्ही पॅनलच्या पार्ट्या खाल्ल्यात, खोटं कशाला बोलू. सर्वसाधारण सभेला येतो तेही खरं सांगायचं तर जेवणाच्या टायमाला येतो. त्यामुळे तुम्ही म्हणाल की हा आत्ता कुठून उगवला, तर तो प्रश्न बरोबर आहे आणि त्याची चूक माझ्याकडेच आहे.

झालं असं की मागच्या आठवड्यात ग्रुपवर फोटो आला. शिष्टमंडळाने मंत्रिमहोदयांची भेट घेतली, उद्योजकांच्या विविध मागण्यांचं निवेदन दिलं, साहेब सकारात्मक. फोटोत अकरा जण, एक बुके, आणि मध्ये तो कागद. मी फोटो बोटाने मोठा करून करून बघितला की नेमकं काय मागितलंय, पण लेटरहेडवरचा लोगो आणि "विषय:" एवढंच दिसतं, पुढे साहेबांचा अंगठा आलाय. खाली दोनशे मेंबरांनी टाळ्या आणि फुलं टाकली, मीही टाकली. आणि मग रात्री झोपताना वाटलं की आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे आपल्यालाच माहीत नाहीये.

म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. संघटनेने सरकारकडे जावं, कायदे बदलून घ्यावेत, याला माझा अजिबात विरोध नाहीये. उलट जायलाच पाहिजे. विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यात पदवीधरांचे ७ आमदार, शिक्षकांचे ७, महापालिका-झेडपीवाल्यांचे २२. कारखानदारांचा एकही मतदारसंघ नाही आणि नसावाही, पण मग आपलं म्हणणं सभागृहात जायचं तर ते कोणीतरी नेऊनच द्यावं लागणार. आपल्या नाशिक जिल्ह्याचे विधानसभेत १५ आमदार आहेत, त्यातल्या किती जणांना पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी लागते त्याचं माप) म्हणजे काय हे माहीत असेल? त्यांची चूक नाही, त्यांना कांदा, पाणी, रस्ते, सिंहस्थ एवढं पुरतं. सांगणारं कोणीतरी लागतंच. वालचंद हिराचंदांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर काढलं तेही याच कारणासाठी, की एकेकट्या व्यापाऱ्याला सरकार विचारत नाही.

आणि याचा फायदा मी स्वतः घेतलाय. माझ्या मोठ्या भावाचं मेनरोडला कपड्याचं दुकान. पूर्वी १९४८ चा दुकाने कायदा होता, दुकानात एक पोऱ्या असो की नसो, गुमास्ता (दुकानाचा परवाना) काढा, तो रिन्यू करा, इन्स्पेक्टर आला की चहा पाजा आणि चहाच्या पुढचंही बघा. व्यापारी संघटना वर्षानुवर्षं बोंबलत होत्या. २०१७ ला नवा कायदा आला, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तर रजिस्ट्रेशनच नको, नुसती ऑनलाइन सूचना द्या म्हणाले. भावाने त्या दिवशी गुमास्त्याची फ्रेम भिंतीवरून काढली आणि तिथे आईचा फोटो लावला. एलबीटीचंही (महापालिकेच्या स्थानिक संस्था कराचंही) तेच. २०१३ ला नाशकात एलबीटी आला तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले, राज्यभर एकच बोंब, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांचा एलबीटी गेला. मग २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेलाही गेला. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं काय मागतोय. एका ओळीची मागणी होती, रिक्षावाल्यालाही पाठ होती.

आता तसं राहिलं नाहीये. आता मागण्या चौदा असतात, कधी बावीस, आणि त्यातली नेमकी कोणती पुढे जाते हे देवाला आणि तुम्हाला माहीत.

हे मी हवेत बोलत नाहीये, एकदा मी आलोय तुमच्यासोबत. काही वर्षांपूर्वी हिवाळी अधिवेशनाला नागपूरला ट्रॅव्हलर निघाली होती, एक जण आयत्या वेळी गळाला म्हणून मला सीट मिळाली. तेव्हा समृद्धी नाशिकपर्यंत झालेला नव्हता, कंबरडं मोडलं. पहाटे पोचलो, आमदार निवासात एका आमदारांच्या पीएने खोली दिली, त्यात आधीच कुठल्यातरी शिक्षकांचं शिष्टमंडळ गाद्या टाकून झोपलेलं. विधानभवनाचे पास मिळायला अकरा वाजले. नागपुरात डिसेंबरमध्ये प्रत्येक मंत्र्याच्या बंगल्याबाहेर जे असतं ते ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही, अंगणवाडीवाल्या, विनाअनुदानितवाले, कोतवाल, साखर कारखानदार, सगळे हातात प्लास्टिकची फाइल घेऊन एकाच लॉनवर उभे. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपण काही स्पेशल नाही.

आपल्या निवेदनात चौदा मागण्या होत्या. नववी मागणी माझ्यासारख्यांची होती: मोठ्या कंपन्यांकडून लहान युनिटचं पेमेंट वेळेत मिळावं, त्यासाठीच्या परिषदेत (थकलेल्या पेमेंटच्या तक्रारी ऐकणारं सरकारी मंडळ) केस लवकर निकाली निघाव्यात. मला आनंद झाला होता ती वाचून. मग बंगल्याबाहेर चहाच्या गाडीवर आपले एक ज्येष्ठ पदाधिकारी म्हणाले, "नऊ नंबरचं आत्ता काढू नका रे, वातावरण बिघडेल." कारण आपल्यासोबत त्या वेळी एका मोठ्या कंपनीचे प्लँट हेड होते आणि ट्रॅव्हलरचं भाडंही त्यांच्याकडूनच आलं होतं. त्यांच्यासमोर पेमेंटचं कसं काढायचं? कोणी वाईट हेतूने बोललं नाही, मी पण मान डोलावली. आत गेलो, मोजून चार मिनिटं. साहेबांनी पहिल्या तीन मागण्या ऐकल्या, निवेदनाच्या कोपऱ्यात शेरा मारला "तपासून सादर करावे", फोटो झाला, बाहेर. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली त्यात तीनच मागण्या. अतिरिक्त जमीन, अनुदानाची थकबाकी, कामगार कायद्यात लवचिकता. नऊ नंबर कुठेच नाही.

"तपासून सादर करावे" चं पुढे काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. कागद सचिवांकडे, तिथून डेस्कला, डेस्कवरून उद्योग सहसंचालकांकडे अभिप्रायाला, तिथून जिल्हा उद्योग केंद्रात, म्हणजे नाशकातून नागपूरला नेलेला कागद फिरून त्र्यंबक रोडच्या आसपास परत. मग कधीतरी झूमच्या बैठकीत (जिल्हा उद्योग मित्र समिती हो, कोविडमधलं झूम नव्हे) कलेक्टरसाहेबांसमोर तोच विषय निघतो आणि ते म्हणतात हा धोरणात्मक आहे, शासनस्तरावर न्या. हसू नका, मी एकदा बसलोय त्या बैठकीत मागच्या खुर्चीवर.

पण काही मागण्या अशा असतात की त्या गोल फिरत नाहीत, सरळ जातात. त्या का जातात हे मला बघायचं होतं.

कामगार कायद्यांचंच घ्या. कारखाने अधिनियम १९४८ चा. पूर्वी वीज वापरून दहा माणसं असली की तुम्ही फॅक्टरी. २०१५ ला आपल्या राज्याने दुरुस्ती करून दहाचे वीस केले आणि विनावीजवाल्यांना वीसचे चाळीस. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, त्यामुळे नुसतं विधानसभेत पास होऊन भागत नाही, केंद्राच्या कायद्याच्या विरोधात जाणाऱ्या अशा बदलाला राष्ट्रपतींची संमती लागते, म्हणजे हा किती लांबचा पल्ला आहे बघा, आणि तरी झालं. मला त्याचा फायदा झाला का? झाला, अकरा माणसांवर मी फॅक्टरी राहिलो नाही, कागद कमी झाले. आणि तोटाही झाला, तो कोणी सांगत नाही. आमच्या लाइनीत एक जण आहे, त्याला तेवीस माणसं लागतात, पण मस्टरवर एकोणीस. बाकीचे चार वहिनींच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्ममध्ये, त्याच गाळ्यात, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. तो मोठा होऊ शकतो पण होत नाही, कारण वीसची रेघ ओलांडली की सगळं एकदम अंगावर येतं. रेघ दहावर होती तेव्हा लोक नऊवर अडकायचे, आता एकोणीसवर अडकतात. आपण रेघ सरकवायला गेलो, रेघ ओलांडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सवलत द्या असं मागायला कोणी गेलं का? मला तरी आठवत नाही, गेलं असेल तर सांगा, मी माफी मागतो.

मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, कारखान्यात दिवसाला नऊ तासांऐवजी बारा तासांपर्यंत, दुकानात नऊचे दहा, ओव्हरटाइम तिमाहीला ११५ तासांवरून १४४, आणि दुकाने कायदा वीस किंवा जास्त माणसं असतील तरच लागू. ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती पाहिजे असंही त्यात आहे. आपल्या ग्रुपवर लगेच अभिनंदनाचे मेसेज, "संघटनेच्या पाठपुराव्याला यश". मी खरंच विचारतो, कोणत्या मेंबरने ही मागणी केली होती? अंबडमध्ये माझ्या लाइनीत सव्वीस गाळे आहेत, मी दोन-तीन दिवस चहाच्या टायमाला फिरून विचारलं, एकालाही बारा तास नको होते. आम्हाला ऑर्डर हव्या होत्या, आणि झालेल्या कामाचे पैसे.

माझा सिनियर ऑपरेटर गिरणाऱ्याहून मोटरसायकलवर येतो. त्याला मी ती बातमी वाचून दाखवली. त्याने हातमोजे काढले, डाव्या हाताचं अर्धं बोट दाखवलं (माझ्याकडचं नाही, आधीच्या ठिकाणचं) आणि म्हणाला, "शेठ, हे दहाव्या तासाला गेलंय." एवढंच बोलून परत मशीनवर गेला. आता मी बारा तासांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही मूर्ख म्हणत नाही, एक्स्पोर्टची शिपमेंट असली की कळतं का पाहिजे ते, आणि आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवून चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी असं कोणाला जमणार असेल तर चांगलंच आहे. पण ती मोठ्या प्लँटची गरज आहे, जिथे तीन शिफ्टच्या दोन करता येतात. माझ्याकडे एकच शिफ्ट आहे, ती पण कधीकधी अर्धी. मग ती "नाशिकच्या उद्योगजगताची मागणी" कशी झाली?

आणि आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रम संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्यात. त्यात फॅक्टरीची रेघ वीस-चाळीसच ठेवलीय, कामगार कपातीला सरकारची परवानगी शंभरऐवजी तीनशे माणसांच्या पुढे. म्हणजे कायद्याचा सांगाडा दिल्लीतून आला, पण मांस भरायचं ते राज्याच्या नियमांनी. खरी गोम नियमातच असते हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. कोणता फॉर्म, किती दिवसात, कोणाच्या सहीने, इन्स्पेक्शनला कोण येणार, हे सगळं नियमात. मसुदा निघतो, हरकती आणि सूचना मागवतात, बहुतेक वेळा महिना-दीड महिना मुदत, आणि आपल्यासारख्याला कळतं तेव्हा ती संपलेली असते. संघटनेने हरकती पाठवल्या असतीलच, तुमच्याकडे सल्लागार आहेत. त्या हरकती मेंबरांना का नाही दाखवल्या? गुपित आहे का?

आता नऊ नंबर. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझं पोट इथे दुखतंय.

एमएसएमई कायदा २००६ चा. त्यात साफ लिहिलंय की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म-लघु युनिटचं पेमेंट झालं पाहिजे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कागदावर वाचलं की वाटतं आपण राजे. मी एका कंपनीला (नाव घेत नाही, नाव घेतलं तर मार्चपासून शटरच बंद) गेल्या वर्षी बुश (मशीनचा एक सुटा भाग) पुरवले. माल गेला, डिलिव्हरी चलनावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे. क्वालिटीने पास केला. बिल सिस्टिमला चढायला तीन आठवडे, कारण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणारी मुलगी रजेवर होती. मग ४५ दिवस बिल चढल्यापासून मोजायचे असं त्यांचं म्हणणं, कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून मोजायचे. मग "साहेब टूरवर आहेत". १०४ व्या दिवशी पैसे आले, त्यात दोन टक्के कापलेले, कशाचे विचारलं तर म्हणे रिजेक्शनची तरतूद. तोपर्यंत मी इन्सर्ट (मशीनची कटिंगची पाती) उधारीवर घेत होतो आणि सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं) व्याज भरत होतो, म्हणजे त्या मोठ्या कंपनीला मी, अकरा माणसांचा गाळेवाला, बिनव्याजी कर्ज देत होतो. माझ्या बायकोने हे एका वाक्यात सांगितलं होतं, पण ते वाक्य इथे लिहिता येत नाही.

तक्रार का नाही केली? करता येते. परिषद आहे, तिने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. फॉर्म अर्धा भरलाही होता. तेवढ्यात परचेसवाल्याचा फोन, गोड आवाजात, "भाऊ, पुढच्या क्वार्टरचं शेड्यूल काढतोय, तुमचं नाव ठेवू ना?" फॉर्म तसाच पडलाय, अजून ड्राफ्टमध्ये आहे. एकटा माणूस तक्रार करू शकत नाही हीच तर संघटना असण्याची मूळ गरज, नाही का? माझ्या नावाऐवजी संघटनेच्या नावाने पत्र गेलं असतं, चाळीस युनिटची यादी न देता नुसती आकडेवारी जोडून, तर परचेसवाला कोणाकोणाला फोन करणार होता?

आणि आता जे सांगतो ते मला स्वतःला उशिरा कळलं. ही परिषद नेमणं राज्य सरकारच्या हातात आहे. केंद्राचा कायदा असला तरी परिषद राज्याची. आणि तिच्यावर कोण बसावं हेही त्याच कायद्यात लिहिलंय, उद्योग खात्याचा अधिकारी, बँकवाले, जाणकार, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या संघटनांचे पदाधिकारी किंवा प्रतिनिधी. म्हणजे तुम्ही. खुर्ची कायद्यानेच दिलीय तुम्हाला. मग परिषदांची संख्या वाढवा, महिन्यात अमुक इतक्या केसेस निकाली काढा, सुनावणी ऑनलाइन घ्या, हे मागायला नागपूरला सुद्धा जायला नको, आणि तरी ती मागणी नवव्या नंबरवर असते आणि चहाच्या गाडीवर कापली जाते.

वरून ते ४३ बी (एच) चं. आयकर कायद्यात केंद्राने हे कलम घातलं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू, की सूक्ष्म-लघु युनिटला वेळेत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च धरता येईल. पहिल्यांदा मोठ्यांच्या खिशाला हात लागला. मार्च २०२४ मध्ये माझं चार महिन्यांचं अडकलेलं पेमेंट तीन दिवसात आलं, मी पेढे वाटले, मस्करी नाही. आणि त्याच महिन्या-दोन महिन्यात देशातल्या व्यापारी संघटना काय मागत होत्या? हे कलम पुढे ढकला. आपल्याही ग्रुपवर तसा एक ड्राफ्ट फिरला होता, "उद्योजकांची अडचण" म्हणून. अडचण कोणाची? एका गिऱ्हाईकाने तर मला सांगितलं की तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदणी) कॅन्सल करा म्हणजे आपलं पूर्वीसारखं चालू राहील. मी केलं नाही. ज्यांनी केलं ते मला माहितीयेत, तेही मेंबरच आहेत.

मला कळतं तुमचीही पंचाईत आहे. संघटनेत मोठी कंपनीही मेंबर, मी पण मेंबर. माझी वर्गणी दोन-चार हजार, त्यांची स्पॉन्सरशिप लाखात, त्यावर प्रदर्शनाचा मांडव उभा राहतो. देणाऱ्याच्या विरोधात बोलायचं म्हणजे अवघडच. पण मग सरळ सांगा की या विषयावर आम्ही बोलू शकत नाही, तुम्ही लहानांनी वेगळं बघा. तेही चालेल. न बोलता आमच्या नावाचा आकडा मात्र वापरायचा, "आम्ही हजारो लघुउद्योजकांचे प्रतिनिधी", हे नका करू.

उघडपणे केलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. महावितरणने दरवाढ मागितली की वीज नियामक आयोग सुनावणी घेतो, नाशकातही घेतो. कोणीही हरकत दाखल करा, उभं राहा, बोला. आणि नंतर जो आदेश निघतो त्यात कोणी काय हरकत घेतली, महावितरणने काय उत्तर दिलं, आयोगाने काय ठरवलं, सगळं छापलेलं असतं. दर कमी झाले असं मी म्हणत नाही, एचटीवाल्यांना (उच्चदाबाची वीज घेणाऱ्यांना) १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग (पॉवर फॅक्टर खराब असला की बिल वाढतं ते) लागलंच आणि कित्येकांची झोप उडाली. पण हरलो तरी कुठे हरलो ते वाचता येतं. आपल्या निवेदनाचं तसं काही आहे का?

दुसरं उदाहरण वाइनचं. राज्याने २००१ ला द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, करात सवलती मिळाल्या. ते धोरण व्हावं म्हणून मागे लागणाऱ्यांमध्ये कारखानदार होते आणि द्राक्ष बागाईतदारही, दोघांचा फायदा दिसत होता, म्हणून ते टिकलं. आणि जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या पुढच्या सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा काय झालं? हरकती मागवल्या, राज्यभर गदारोळ, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि विषय बारगळला. निर्णय चांगला की वाईट ते सोडा (मला विचाराल तर वाइन बरी, पण किराण्याच्या पिशवीत नको). पण लोकांना आधी न विचारता वरून आणलेली गोष्ट कशी लटकते ते बघा.

माझा पुतण्या टेक्सासात असतो. तिथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच बसतं, १४० दिवस. त्यामुळे तिथली चेंबर्स अधिवेशनाच्या आधीच अजेंडा छापून मोकळी होतात, आम्ही या बिलाच्या बाजूने, त्या बिलाच्या विरोधात. नंतर कोणत्या आमदाराने कशाला मत दिलं याचं प्रगतिपुस्तक पण काढतात काही जण. ते फार धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही, पैसा तिथे आपल्यापेक्षा जास्त चालतो असं तोच सांगतो. पण मेंबरला माहीत असतं आपली संघटना काय मागतेय. आपल्याकडे लॉबिंगसाठी कुठला कायदाच नाही, ना रजिस्टर, ना हिशोब. सरकारी मसुदे तीस दिवस लोकांसमोर ठेवावेत असं केंद्राने २०१४ ला धोरण म्हणून ठरवलं, तेही किती पाळलं जातं ते आपण बघतोच. मग निदान आपण आपल्या घरात तरी पाळू.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की निवेदन मुंबईला किंवा नागपूरला जायच्या आधी पंधरा दिवस मेंबरांच्या ग्रुपवर टाका. पूर्ण, मराठीत, मागण्यांच्या क्रमासकट, कारण क्रमातच सगळं आहे, साहेब पहिल्या तीनच ऐकतात. ज्याला बोलायचं तो बोलेल, नव्वद टक्के लोक फूल टाकून गप्प बसतील, बसू द्या. वीसच्या आतल्या युनिटचा निदान एक माणूस शिष्टमंडळात न्या, भाडं तो स्वतः भरेल, मी भरतो. परत आल्यावर शेऱ्यासकट प्रत टाका. श्रम संहितांच्या नियमांवर हरकती पाठवल्या असतील तर त्या टाका. परिषदेवर आपल्या संघटनांचं कोण बसतं, वर्षात किती केसेस आल्या, किती निकाली निघाल्या, हे सर्वसाधारण सभेत पाच मिनिटं सांगा, अहवालात ताळेबंदाच्या नंतर एक पान चालेल. आणि पुढच्या निवेदनात पेमेंटची मागणी एक नंबरला घ्या. दोन नंबरला घेतली तरी चालेल, पण चहाच्या गाडीच्या अलीकडे.

कोणाला हे बोलणं लागलं असेल तर गाळ्यावर या, एक्स्लो पॉइंटपासून पाच मिनिटं, मिसळ माझ्याकडून. चिडून आलात तरी चालेल.

आपला,
अंबडचा एक मेंबर

ता.क. नागपूरला दिलेल्या त्या निवेदनाची प्रत माझ्याकडे नाहीये, ऑफिसात दोनदा मागितली, शोधतो म्हणाले. कोणाकडे असेल तर पाठवा. फोटो नको, पीडीएफ.